डावं-उजवं

ड्रेपरीच्या गाठोड्याला एक वास असतो. डांबराच्या गोळ्या, शिळी पावडर, कुणाच्या तरी काखेत वाळलेला घाम आणि कधीच न धुतलेलं मखमल. डिसेंबरातल्या एका सकाळी सांगलीच्या एका बोळातून ते गाठोडं रिक्षानं आमच्या शाळेत आलं. शिपायानं ते स्टाफरूमच्या टेबलावर टाकलं, गाठ सोडली आणि टेबलभर जग पसरलं. सगळ्यात खाली जपान, त्यावर अरबस्तान, त्यावर इंग्लंडचा लाल डगला. डगल्याची दोन बटणं गेलेली होती.

ही १९९६ सालची गोष्ट. त्या जुलैत हेडसरांनी दूरदर्शनवर अटलांटा ऑलिम्पिकचं संचलन पाहिलं होतं. एकेक देश आपापल्या वेशात मैदानात येतो, पुढं झेंडा असतो, लोक टाळ्या वाजवतात, हे त्यांच्या मनात इतकं भरलं की गॅदरिंगच्या पहिल्याच सभेत त्यांनी सांगून टाकलं : यंदा कोळीगीत नाही, शेतकरी नृत्य नाही. यंदा 'देश तसा वेश'. भूगोल मी शिकवत होते, म्हणून जग माझ्या गळ्यात आलं.

माझं माहेर वाईचं. कृष्णा वाईवरून वाहते आणि कऱ्हाडावरून सांगलीला येते, मीही तशीच आले, फक्त एस.टी.नं. मराठी विश्वकोशाचं काम वाईत चालतं हे आम्हा वाईकरांना गणपतीच्या घाटाइतकंच सवयीचं. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रस्त्यानं जाताना दिसले की आम्ही पोरं खेळ थांबवून बाजूला व्हायचो, इतकंच आमचं विश्वकोशाशी नातं. त्या दिवाळीत मात्र मी माहेरी गेले ती वही घेऊनच. वाचनालयात बसून पोशाखांवरची नोंद काढली, आणखी दोन-चार पुस्तकं चाळली, अकरा पानं उतरवून घेतली. कापड कुठलं, कमरेला काय, डोक्यावर काय, पायात काय. सगळं होतं त्या वहीत. कुठली बाजू वर घ्यायची ते तेवढं नव्हतं. तो प्रश्नच मला सुचला नव्हता.

ड्रेपरीवाल्या काकांनी माझी यादी चष्मा कपाळावर चढवून वाचली. म्हणाले, "बाई, आमच्याकडं देश कमी. मावळे सांगा, पन्नास देतो. औरंगजेब दोन आहेत."

शेवटी काय झालं, तर त्यांच्याकडं जे होतं तेच देश आम्ही केले. मोगल सरदाराचा झगा तो अरब. ऐतिहासिक नाटकातल्या कंपनी सरकारचा डगला तो इंग्लंड. कुठल्याशा फार्सातला साटिनचा फुलाफुलांचा गाऊन तो जपान. काका कपडे काढून देताना बोलत होते. अंगरख्याचे बंद दाखवून म्हणाले, मावळ्याचा बंद डाव्या काखेखाली, मोगलाचा उजव्या. आता नाटकात घाईला टिचबटणं लावतात, पण वरचा खोटा बंद ज्या-त्या बाजूलाच शिवायचा, असं वडिलांनी सांगितलंय. मला वाटलं, दुकानदाराची बढाई. पुढं कधीतरी वाचलं की ते अगदी खरं आहे. मोगल काळात हिंदू आपला जामा डावीकडं बांधत आणि मुसलमान उजवीकडं, आणि जुन्या चित्रांतला माणूस कोण ते जाणकार या बंदावरून ओळखतात. अख्खा माणूस एका गाठीवर ओळखायचा. बोळातल्या त्या माणसाला हे परंपरेनं ठाऊक होतं आणि मला अकरा पानं उतरवूनही नव्हतं.

अर्थात हे गाव सांगली. इथं वेशाची विद्या मुरलेली असणारच. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' उभं केलं, म्हणून तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन धरतो. सांगलीकर हे अभिमानानं सांगतात, मीही वर्गात सांगत आले. पण त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट जरा हळू आवाजात सांगितली जाते. १८४२ साली कर्नाटकातल्या कर्कीहून भागवतांची एक मंडळी सांगलीत आली होती. त्यांचे खेळ कानडी, त्यांचे राक्षस, त्यांचे मुकुट, त्यांचा आरडाओरडा. ते पाहून राजेसाहेबांनी भाव्यांना सांगितलं, असंच पण आपल्या भाषेत करा. म्हणजे मराठी नाटकानं पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो शेजारच्याचं पाहून. पुढं याच मुलखातल्या, पलूसजवळच्या नागठाण्याच्या एका मुलानं, बालगंधर्वांनी, लुगडं असं नेसून दाखवलं की घरंदाज बायका त्यांचं पाहून नेसायला लागल्या. कुणाचा वेश कुणाकडून आला, याचा हिशेब आमच्या भागात कुणी मांडू नये हेच बरं.

तर स्टाफरूम. फळ्यावर चौदा देश लिहिले. पाकिस्तान लिहिलं आणि हेडसरांनी न बोलता पुसलं. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय पोशाख काय, यावर मधली सुट्टी गेली. शेवटी ज्या मुलाकडं पिवळा क्रिकेटचा टी-शर्ट होता तो ऑस्ट्रेलिया झाला. अमेरिकेला जीन्स. हॉलंडला लाकडी बूट हवे होते, ते सुतारानं करून दिले आणि तालमीत त्यातला एक फुटला. श्रीलंकेला मात्र मारामारी. त्या मार्चमध्ये लंकेनं विश्वचषक जिंकला होता, प्रत्येकाला लंका व्हायचं होतं. मी ती दिली सहावीतल्या नव्या मुलाला. त्याला कारण होतं.

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं. पाऊस नाही, पिकं नाहीत, म्हणून हे लोक भट्टी घेऊन देशभर पांगले. केरळ, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, बंगाल. सराफकट्टा असलेलं मोठं गाव असेल आणि तिथं खानापूर तालुक्यातलं एखादं बिऱ्हाड नसेल असं क्वचित. या बिऱ्हाडातली पोरं मध्येच कधी आजोळी शिकायला येतात आणि वर्गात बाकावर बसून मल्याळममध्ये आकडे मोजतात. हा मुलगा त्रिशूरहून आलेला. मराठी बोलायचा ती मोठ्या माणसासारखी, कारण ती त्यानं घरातल्या मोठ्या माणसांकडूनच ऐकलेली. त्याला केरळ व्हायचं होतं. केरळ हा देश नाही, म्हणून मी त्याला लंका केलं.

सोनेरी काठाचं पांढरं मुंडू त्यानं घरून आणलं, वडिलांचं. मी ते त्याला गुंडाळायला गेले तर त्यानं माझा हात धरला. "असं न्हाई बाई. कड उजवीकडं आली पायजे. डावीकडं घेणारी वेगळी."

"वेगळी म्हणजे?"

"मुसलमान. भट्टीशेजारचे इक्काका डावीकडं घ्यायचे. आमचे वडील उजवीकडं."

मग त्यानं ते स्वतःच नेसलं, दोन झटक्यांत, गुडघ्यापर्यंत दुमडून पुन्हा सोडलं, तेही असं की सगळ्या तालमीत टाळ्या पडल्या. लंकेत कुठल्या बाजूला घेतात ते त्याला ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच. पण त्या संबंध चौदा देशांत आपल्या कपड्यांत कसं चालायचं हे माहीत असलेला तो एकटा होता. बाकीचे सगळे कपडे सांभाळत होते.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

फळ्यावरचा तेरावा देश 'आफ्रिका' होता. आफ्रिका हा देश नव्हे, खंड आहे, हे मी दर जूनमध्ये मुलांना शिकवायचे आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात ते देशांच्या यादीत लिहिलेलं होतं. कुणाला खटकलं नाही. पोशाख म्हणजे कमरेला दोरीत ओवलेली अशोकाची पानं, हातात बांबूचा भाला, आणि अंगाला काजळ-तेल. नाचाचं गाणंही तसलंच, ठरलेलं. प्रत्येक गॅदरिंगला ते कुठं ना कुठं वाजतंच. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष नेल्सन मंडेला नक्षीदार, रंगीबेरंगी बुशशर्ट घालून जगभर हिंडत होते आणि त्यांचे फोटो आमच्या स्टाफरूममधल्या पेपरात येत होते. तो पेपर मी आफ्रिकेचे भाले ठेवायला टेबलावर अंथरला होता.

पाचवीतला एक मुलगा होता. मागच्या बाकावरचा, गप्प, काळासावळा. काळासावळा कशाला म्हणू, काळा. मी त्याला बोटानं उभं केलं आणि म्हणाले, "तू आफ्रिका. तुला मेकअप पण लागायचा नाही."

वर्ग हसला. मीही हसले. तो मुलगाही हसला, हे मला नीट आठवतं, कारण बरेच दिवस मी त्या हसण्याचा आधार घेत होते.

मी नोकरीची पहिली चार वर्षं साताऱ्यात काढली. तिथल्या प्रतापसिंह हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९००ला भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिन असतो. त्या वर्गात त्यांना बसायला गोणपाट वेगळं होतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी १९०१ सालचा एक प्रवास लिहिलाय. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुलं, अंगात नवे विलायती शर्ट, डोक्यावर चकचकीत टोप्या, रेशीमकाठी धोतरं, पायात नवे बूट. मसूर स्टेशनावर उतरल्यावर न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर कपड्यांकडं बघून त्यांना ब्राह्मणांची मुलं समजतो आणि आपुलकीनं चौकशी करतो. मुलं खरं काय ते सांगतात, आणि त्याचा चेहरा बदलतो. मसूरवरून मी कितीदा गेलेय. सातारा ते सांगली या वाटेवरच ते आहे. ही आठवण मी दर नोव्हेंबरात मुलांना वाचून दाखवायची. दाखवताना माझा आवाज भरून यायचा. आणि नोव्हेंबरात आवाज भरून आल्यावर डिसेंबरात मी त्या पोराला बोटानं उभं केलं.

गॅदरिंगच्या दिवशी तो मुलगा पाच वाजता आला. हात धरून आई आणली होती, तिनं नवं पातळ नेसलेलं. मुलाच्या केसांना तेल, भांग पाण्यानं बसवलेला, आणि तोंडावर, गळ्यावर, हातावर पांढरीफेक पावडर. गॅदरिंग आहे म्हटल्यावर आईनं पोराला छान करून आणलं होतं. ती बाहेरच्या अंगणात बायकांत जाऊन बसली. मी त्याला रंगपटात घेतलं आणि ओल्या टॉवेलनं ती पावडर पुसली. सगळी. मग पानं बांधली.

तो छान नाचला. शिट्ट्या पडल्या.

कार्यक्रमाचं बाकी काय सांगू! स्पीकर मध्ये दोनदा बंद पडला. चीनची मिशी लोंबली. झेंडे आम्ही घोटीव कागद खळीनं चिकटवून केले होते आणि टांगायला दिले होते दहावीच्या मुलांकडं. त्यांनी इंडोनेशियाचा झेंडा उलटा टांगला. वर लाल खाली पांढरा असायला हवा, तो वर पांढरा खाली लाल. माझ्याही लक्षात आलं नाही. बाटिकच्या चादरी गुंडाळलेल्या दोन मुली त्या झेंड्याखाली मुरडत होत्या, तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "ही पोलंडची माणसं अशी न्हवती."

ते रेल्वेतून निवृत्त झालेले. वडीलही रेल्वेत होते, मिरज-कोल्हापूर मार्गावरच्या वळिवड्याला. लहानपण तिथंच गेलेलं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून सायबेरियात हाकललेली, मग इराणमार्गे हिंदुस्थानात पोचलेली सुमारे पाच हजार माणसं १९४३ ते १९४८ या वर्षांत वळिवड्याच्या छावणीत राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होती. आजोबांनी तो पांढरा-लाल झेंडा रोज पाहिलेला होता. सणाच्या दिवशी गोऱ्या पोरी डोक्यावर फुलांचं कडं घालायच्या, पाठीवर रंगीत फिती सोडायच्या, काळ्या मखमली बंडीवर टिकल्या आणि गळ्यात लाल मण्यांच्या माळा. "तुमच्या पोरींच्या अंगावर ते कायच न्हाई," ते मला म्हणाले. तक्रार नव्हती, नुसती माहिती. मी म्हटलं, आजोबा, तो इंडोनेशिया आहे, झेंडा उलटा लागलाय. ते म्हणाले, "असं व्हय," आणि पुढं कितीतरी वेळ त्या झेंड्याकडंच बघत बसले.

वळिवडे सांगलीपासून फार तर तासाभराच्या अंतरावर. आमच्या चौदा देशांत पोलंड नव्हता. जो देश आमच्या शेजारी येऊन राहिला होता, पाच वर्षं, त्याचा कपडा ड्रेपरीत नव्हता आणि माझ्या अकरा पानांतही नव्हता. अलीकडं, २०२४च्या ऑगस्टमध्ये, पंतप्रधानांनी वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला फुलं वाहिली आणि वळिवड्याचं नाव पेपरात आलं, तेव्हा मला ते आजोबा आठवले.

चौदावा देश भारत. भारतमातेला ड्रेपरीतली शिवलेली नऊवारी आणली होती, विजारीसारखी पाय घालून चढवायची. ती आयत्या वेळी काष्ट्यात उसवली. सातवीतल्या त्या मुलीची आजी प्रेक्षकांत होती. ती उठून आत आली, घरी माणूस पिटाळला आणि आपली ठेवणीतली इरकल मागवली. नातीला भिंतीकडं तोंड करायला लावून, दातांत एक टोक धरून तिनं ती नेसवली. बोटं इतकी सरसर चालत होती की मला एकही घडी नीट दिसली नाही. लाल पदर, त्यावर कंगव्याच्या दात्यांसारखी पांढरी नक्षी, आत खणाची चोळी. मुलगी स्टेजवर आली आणि एकदम शांत झालं सगळं. सगळ्यांना घरचं कुणीतरी दिसलं असावं. निवेदकानं सांगितलं, ही आपली महाराष्ट्राची परंपरा. इरकल कर्नाटकातल्या इळकलची आणि खण गुळेदगुड्डचा, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. ती बाजूला उभी राहून हसत होती. "आमी कुटं म्हनतो हितलं हाय म्हनून," ती मला म्हणाली. "आमी नेसतो येवढंच."

दुसऱ्या दिवशी गाठोडं परत गेलं. जपानचा कमरपट्टा सापडला नाही, काकांनी डिपॉझिटमधून वीस रुपये कापले.

मग कित्येक वर्षांनी माझी भाची आली, पुण्यात जपानी शिकणारी. अल्बम चाळताना एका फोटोवर थांबली. स्टेजवर सगळे देश ओळीनं उभे आहेत, तो फोटो. म्हणाली, "मावशी, ह्या मुलीला मेलेलं दाखवायचं होतं का?"

किमोनोची डावी बाजू उजव्या बाजूवर घ्यायची असते. उजवी डावीवर घेतात ती फक्त प्रेताला नेसवताना. आम्ही जपानला उजवी वर घेऊन उभं केलं होतं. मला एकदम माझ्या वडिलांचं जानवं आठवलं, देवकार्याला डाव्या खांद्यावर आणि श्राद्धाला उजव्या. सव्य आणि अपसव्य. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, नुसतं डोळ्यांनी बघून माहीत होतं. तसंच जपानातल्या पाच वर्षांच्या पोरीलाही ते माहीत असणार. त्रिशूरच्या पोराला माहीत होतं. काकांना मावळ्याचं माहीत होतं. भाची हसत होती, मीही हसले, आणि चष्मा लावून तो फोटो पहिल्यांदाच नीट पाहिला. त्या गर्दीत, लंका आणि इंग्लंडच्या मध्ये, पानांचा कमरपट्टा बांधलेला आफ्रिका उभा आहे. कॅमेऱ्याकडं न बघता तो बाजूला, बायका बसल्या होत्या त्या अंगणाकडं बघतोय. मान वळल्यामुळं त्याच्या कानामागची जागा दिसते. तिथं थोडी पावडर राहून गेलेली आहे.